हलका गट

रुचिरा : थांबा, थांबा. दुसरा गट? बाबा, तुम्ही दुसरा गट घेताय?

उल्हास : घेतोय नाही, घेतला. गेल्या वर्षी मी हरलो, म्हणून या वर्षी पहिली निवड माझी. नियम तुझ्याच अक्षरात आहे. सातवीतल्या.

रुचिरा : निवड तुमचीच आहे हो. पण पहिल्या गटात जावई आहे! टेनिसमध्ये जगात एक नंबर. शिवाय लंबू, बोंबल्या आणि टॉवेलवाला. आणि तुमच्या वाट्याला कोण?

उल्हास : डावरा, आजोबा, टप्पेवाला आणि तो नवा मुलगा.

हेमलता : नवा कोण? त्याला मी अजून टोपणनाव ठेवलेलं नाही.

रुचिरा : आई, वीस वर्षांचा आहे तो. पहिल्यांदाच पहिल्या आठात आलाय.

हेमलता : मग राहू दे नवाच. पुढच्या वर्षी टिकला तर बघू. आणि हे घ्या, तीन किलो मटार आहेत. तोंडानं गट पाडा, हातानं सोला.

रुचिरा : तीन किलो?

हेमलता : नोव्हेंबरात दिल्लीजवळ राहून मटार सोलायचे नाहीत तर काय धूर खायचा? खिडकी लाव आधी ती. बाहेर नोएडा दिसत नाहीये.

उल्हास : मी नोट वाचून दाखवतो.

रुचिरा : बाबा, नको ना यार. चार पानं आहेत.

उल्हास : साडेतीन. "विषय : वर्षअखेरच्या टेनिस स्पर्धेतील दोन गटांची तुलना. परिच्छेद एक, पार्श्वभूमी. वर्षभरात सर्वाधिक गुण मिळवणारे आठ खेळाडू या स्पर्धेत खेळतात. चार-चारांचे दोन गट. प्रत्येक जण आपल्या गटातल्या तिघांशी खेळतो. गटातले वरचे दोघे उपांत्य फेरीत."

रुचिरा : हे दर वर्षी का लिहिता? आपल्या तिघांशिवाय कोणी वाचत नाही.

हेमलता : मीही वाचत नाही.

उल्हास : फाइल कुणाच्याही हातात पडली तरी त्याला पहिल्या पानावरून समजलं पाहिजे. "परिच्छेद दोन, पैज. विजेता उल्हास यांच्या गटातला निघाल्यास 'गुडघा' हा शब्द या घरात वर्षभर उच्चारला जाणार नाही. विजेता रुचिराच्या गटातला निघाल्यास उल्हास हे डिसेंबर महिन्यात उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन विनातक्रार करून घेतील."

रुचिरा : विनातक्रार शब्द आईचा आहे.

हेमलता : आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. बाकी सगळं खोडलं तरी चालेल.

उल्हास : मागच्या अठरा वर्षांत पैजा कशा साध्या असायच्या. हरणाऱ्यानं महिनाभर चहा करायचा. हरणाऱ्यानं कारल्याची भाजी मागून घ्यायची.

रुचिरा : मागच्या अठरा वर्षांत तुम्ही एका मजल्यासाठी लिफ्टची वाट बघत उभे नव्हता, बाबा.

उल्हास : मी लिफ्टचा उपयोग करतो. मेंटेनन्स भरतो मी त्याचा.

हेमलता : आणि कोर्टावर? रोज संध्याकाळी टेनिसचे बूट घालून जाता, बाहेरच्या बाकावर बसता आणि दुसऱ्यांचे पॉइंट मोजून परत येता. बूट इतके कोरे आहेत की दुकानात परत घेतील.

उल्हास : अंपायर लागतो खेळाला.

हेमलता : सोसायटीच्या खेळाला? समोर कोण, तर आठवीतला आर्यन आणि त्याचा काका!

उल्हास : परिच्छेद तीन. तुलनात्मक तक्ता. मी प्रत्येक गटातल्या खेळाडूंच्या क्रमांकांची बेरीज केली आहे. पहिला गट : एक, तीन, पाच, सात. एकूण सोळा. दुसरा गट : दोन, चार, सहा, आठ. एकूण वीस.

रुचिरा : म्हणजे पहिला गट तगडा. मी तेच म्हणतेय!

उल्हास : टेंडरमध्ये ज्याची रक्कम सर्वांत कमी त्याला काम मिळतं. इथे बेरीज कमी तो गट सरस. हे तंत्र मी दोन हजार सातपासून वापरतो आहे.

रुचिरा : बिल्कुल. आणि दर वर्षी तुम्हाला पहिली निवड मिळाली की तुम्ही कमी बेरजेचाच गट घेता. अठरा वर्षांत एकदाही चुकला नाहीत. आज वीसवाला कसा काय घेतलात?

उल्हास : आजोबांसाठी.

रुचिरा : म्हणजे?

उल्हास : सदतीस वर्षांचा माणूस आहे. केस पांढरे झालेत, तरी पहिल्या चारात. अशा माणसाच्या मागे कुणीतरी उभं राहायला हवं.

हेमलता : अहो, मागच्या वर्षी तुम्हीच म्हणालात ना, की आता यानं घरी बसावं, तरुणांची जागा अडवतोय?

उल्हास : मतं बदलतात, हेमा. माणूस विचार करतो.

रुचिरा : ओके. फायनल? मग सही करा. मी पण करते. हे बघा, पहिला गट, रुचिरा. चलो, झालं! आई, डॉक्टरांना सांगून ठेव. बाबांनी स्वतःच्या हातानं गुडघा दिला मला.

उल्हास : शब्द अजून बंद झालेला नाही, तोवर हवा तितका वापरून घे.

रुचिरा : परिच्छेद चार काय आहे?

उल्हास : इनडोअर कोर्टावरचा पूर्वेतिहास. त्यातही पहिला गट पुढे आहे. चौघांपैकी तिघांनी छपराखाली मोठ्या स्पर्धा जिंकल्या आहेत. पाच, आमने-सामने निकाल. पहिला गट पुढे. सहा, दुखापती. पहिला गट पूर्णतः तंदुरुस्त, दुसऱ्या गटात डावऱ्याचं मनगट दुखरं.

रुचिरा : आणि निष्कर्ष?

उल्हास : "वरील बाबी विचारात घेता दुसरा गट निवडण्यात येत आहे."

हेमलता : हेच करत होतात वाटतं ऑफिसात? साडेतीन पानं एकीकडे आणि सही दुसरीकडे?

उल्हास : ते वरचे करायचे. मी फक्त नोट लिहायचो.

रुचिरा : बाबा, मी खूश आहे, तक्रार नाही. पण मला विचित्र वाटतंय. एवढं सोपं तुम्ही कधी जिंकू दिलेलं नाही मला. एक मिनिट, फोन वाजतोय. अरे यार.

हेमलता : काय झालं?

रुचिरा : नाही... नाही, नाही, नाही. जावयानं माघार घेतली.

हेमलता : अगं बाई! काय झालं त्याला?

रुचिरा : पोटाचा स्नायू. प्रॅक्टिसमध्ये. आत्ताच त्याच्या टीमनं टाकलंय. "खेळू शकत नाही याचं दुःख होतंय," वगैरे वगैरे.

हेमलता : बिचारा. बॉल उचलणाऱ्या पोरींना थँक्यू म्हणणारा एवढा एकच होता त्यांच्यात. म्हणून तर जावई म्हणत होते मी त्याला.

उल्हास : त्याच्या जागी कोण?

रुचिरा : नववा. राखीव असतो ना तो. ड्रॉ निघालेला आहे, त्यामुळे तो सरळ जावयाच्या जागेवर, माझ्या गटात.

उल्हास : म्हणजे नऊ, तीन, पाच, सात. चोवीस.

रुचिरा : तुमचे वीस, माझे चोवीस. वा! दोन मिनिटांत माझा गट हलका झाला. आणि उद्या पहिली मॅच. गेला गुडघा. आई, वर्षभर आता बोलायचं नाही हं. "ते" म्हणायचं. बाबांचं "ते" कसं आहे.

हेमलता : मी काही सही केलेली नाही. मी बोलणार.

उल्हास : थांबा. हे बरोबर नाही.

रुचिरा : काय?

उल्हास : सहीच्या वेळी जी परिस्थिती होती ती आता राहिलेली नाही. तुझ्यावर अन्याय होतोय. मी असा जिंकणार नाही. शुद्धिपत्रक काढू. पहिला गट मी घेतो, दुसरा तू घे.

रुचिरा : बाबा!

उल्हास : डावरा घे, नवा घे. टप्पेवालापण घे.

रुचिरा : किती गोड आहात तुम्ही. आई, बघ ना. मी उगाच...

हेमलता : थांब जरा. आजोबांचं काय?

उल्हास : आजोबाही तिचे.

हेमलता : त्यांच्या मागे कुणीतरी उभं राहायला हवं होतं ना? पंधरा मिनिटांत पाय दुखले का तुमचे?

उल्हास : भावनेला किती थारा द्यायचा, हेमा. सदतीस वर्षं म्हणजे काही कमी नाहीत. दमेल तो.

रुचिरा : एक मिनिट. एक मिनिट. मला डेंगू झाला होता तेव्हा आठवतंय तुम्हाला? मी दहावीत होते. सलाइन लावलेलं. माझ्या गटातल्यानं पहिल्याच मॅचनंतर पाय मुरगळला म्हणून स्पर्धा सोडली, आणि मी पलंगावर रडत तुम्हाला म्हटलं, बाबा, गट बदलून द्या ना. काय म्हणालात?

उल्हास : मला नक्की शब्द आठवत नाहीत.

रुचिरा : "सही झालेली आहे." मला! प्लेटलेट्स चाळीस हजार असताना!

हेमलता : नर्सपण हसली होती.

रुचिरा : आणि आज एकदम शुद्धिपत्रक? मघाशी सोळावाला सोडून वीसवाला घेतलात. आता वीसवाला सोडून चोवीसवाला मागताय. बाबा, तुम्ही दोन्ही वेळा हलका गट घेताय.

उल्हास : योगायोग आहे.

रुचिरा : मी दिवसभर डेटाच बघते ऑफिसात. याला योगायोग नाही म्हणत. तुम्हाला हरायचंय.

उल्हास : मटार कमी सोलतेयस तू. बोलण्याच्या नादात.

रुचिरा : बाबा. तुम्हाला हरायचंय?

हेमलता : अहो, ती विचारतेय.

उल्हास : हरायला काय हरकत आहे? खेळात कुणीतरी हरतंच.

रुचिरा : मग पैजेची गरज काय होती? ऑपरेशन करायचं होतं तर करायचं ना. तीन वर्षं आम्ही मागे लागलोय. मागच्या डिसेंबरात म्हणालात धुकं आहे. मार्चमध्ये म्हणालात उन्हाळा येतोय, टाके पिकतील. जुलैत दमट हवा. मग श्राद्धपक्ष, मग दिवाळी. दर वेळी नवीन बहाना.

उल्हास : बहाना नाही, सबब.

रुचिरा : म्हणजे काय?

उल्हास : बहानाच. पण जरा सरकारी.

हेमलता : आता सबब संपल्या म्हणून खेळाडू पकडले, असंच ना?

उल्हास : मला भीती वाटते.

रुचिरा : काय?

उल्हास : ऐकलंस तू. भीती वाटते मला. त्या टेबलाची. जयंत माझ्याहून चार वर्षांनी लहान, मंत्रालयातला सगळ्यात धट्टाकट्टा माणूस. ऑपरेशन उत्तम झालं. पण शुद्धीवर आल्यावर दोन तास त्यानं बायकोला, वासंतीला ओळखलं नाही. तिलाच विचारत होता, तुम्ही कोणत्या विभागाच्या?

हेमलता : तो आधीही विचारायचा तसं.

उल्हास : हसू नकोस, हेमा. आडवं पडायचं, कमरेत सुई, आणि मग आपलं काहीही चालणार नाही. सगळं दुसऱ्यांच्या हातात. मी दिवाळीआधी रोज रात्री उठून बसायचो. तुला वाटायचं बाथरूमला जातोय.

हेमलता : मला काही वाटायचं नाही. मी जागीच असायचे. मला वाटायचं, स्वतःहून सांगतील.

रुचिरा : मग बाबा, तुम्हाला ऑपरेशन नकोय की हवंय?

उल्हास : दोन्ही. पाय दुखतो, रुचिरा. खूप दुखतो. ऑपरेशन हवंय. फक्त ते मी ठरवलं असं नकोय. हरलो असतो तर अट पाळावी लागली असती. अट पाळायला मी कधी घाबरलो नाही. चौतीस वर्षं वरून कागद आला की मी निघालो. निवडणुकीच्या ड्यूटीवर बर्फात गेलोय मी. पण स्वतःच्या मनानं साधी रजासुद्धा टाकता आली नाही मला.

हेमलता : लग्नसुद्धा वडिलांचं पत्र आलं म्हणून केलं.

उल्हास : ते पत्र चांगलं होतं.

हेमलता : हं.

उल्हास : म्हणून म्हणतो, गट बदल. नाहीतर पैज राहू दे. तू सरळ आदेश काढ. "उल्हास यांनी अमुक तारखेला हजर व्हावं." खाली सही. मी जातो.

रुचिरा : नाही काढणार मी.

उल्हास : का? एरवी तर दिवसाला दहा काढतेस.

रुचिरा : कारण मलाही भीती वाटते! तुम्हाला काय वाटलं, पैज मी का लावली? मी सांगितलं म्हणून तुम्ही गेलात आणि आत काही झालं, तर? मी काय करू मग? मला वाटलं, ते आठ जण ठरवतील. जो जिंकेल तो जिंकेल. माझ्यावर नाही येणार.

हेमलता : घ्या. म्हणजे बाप आणि लेक, दोघंही त्याच आठ पोरांच्या मागे लपलेत. ती बिचारी तिकडे कुठे रॅकेट घेऊन घाम गाळतायत, त्यांना पत्ता आहे का, की नोएडातल्या एका म्हाताऱ्याचं हाड त्यांच्या भरवशावर आहे? आणि त्यातल्या एकाचं तर स्वतःचंच पोट धरलंय.

उल्हास : म्हातारा म्हणायची गरज नव्हती.

हेमलता : होती. सदुसष्ट पूर्ण झाली. आणि मी सांगते ते ऐका. हरून जाऊ नका तुम्ही तिथे. हरलेला माणूस तोंड पाडून जातो, तोंड पाडून येतो, आणि मग सहा महिने मला व्यायाम करून घ्यायला लागतो त्याच्याकडून. मनानं जायचं असेल तर जा. नसेल तर मीही लिफ्टमध्ये तुमच्याबरोबर उभी राहीन. तक्रार करणार नाही.

रुचिरा : आई, असं नको ना म्हणू.

हेमलता : का नको? नवरा आहे माझा. पाय वाकडा असला तरी.

उल्हास : एवढं सरळ तू कधी बोलली नाहीस.

हेमलता : तुम्ही कधी नोट बाजूला ठेवलीत?

रुचिरा : बाबा, ऐका. आदेश मी काढणार नाही. पण विनंती करते. ऑपरेशन करून घ्या. पैज गेली खड्ड्यात. मला तुमच्याबरोबर खेळायचंय पुन्हा. तुम्ही बाकावर बसून "आऊट" ओरडता ना, ते मला बघवत नाही. मी त्या बाजूनं ऑफिसातून यायचं सोडलंय म्हणून, माहीत आहे? मागच्या गेटनं कॅब आणते.

उल्हास : मला वाटलं तिकडे ट्रॅफिक कमी असतो.

रुचिरा : जास्त असतो.

उल्हास : हं.

रुचिरा : मला तुम्ही कोर्टावर हवे आहात. तुमची ती जुनी, कापून मारलेली सर्व्हिस हवीये समोर. आणि मला तुम्हाला हरवायचंय, खरंखुरं. बास. एवढंच आहे.

उल्हास : विनंती आली की ती मान्य करायची की फेटाळायची, हे ज्याच्याकडे आली त्यालाच ठरवावं लागतं. वर पाठवता येत नाही.

रुचिरा : मग ठरवा.

उल्हास : आणि मी नाही म्हटलं तर?

रुचिरा : तर मी रडेन थोडी. मग मटार सोलेन.

(उल्हास शेंगांचा ढीग स्वतःकडे ओढून घेतो.)

उल्हास : नऊ डिसेंबरला मंगळवार आहे.

हेमलता : मंगळवारी काय असतं?

उल्हास : गुडघ्याचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी ऑपरेशनं करतात. शुक्रवारी गर्दी असते. मंगळवार बरा, असं ती रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. वृंदा नाव तिचं. नागपूरची आहे.

रुचिरा : तुम्ही फोन केला होतात?

उल्हास : दोनदा. नुसती चौकशी केली. दुसऱ्या वेळी तिनं आवाज ओळखला, म्हणून मी ठेवून दिला.

हेमलता : आणि आम्हाला पत्ता नाही!

रुचिरा : आज शनिवार आहे. दोनपर्यंत असतील ते लोक. द्या नंबर, मी लावते.

उल्हास : नको. मी लावतो. तू फक्त इथे बस.